होडी खांद्यावर

पावसाळ्यात तुम्ही काय करता? लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये तीन तास काढता, कणीस खाता, भिजलेला फोटो टाकता आणि परत येता. नाकं मुरडू नका, मीही तेच करत आलेय. यंदा मात्र बदकाबरोबर गेले.

बदक म्हणजे आमच्या ग्रुपमधला कयाकर. हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, सोमवार ते शुक्रवार एकदम सभ्य माणूस. सुरुवात कोलाडला केली, कुंडलिकेवर. तिथे भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटतं, म्हणजे नदीलासुद्धा टाइमटेबल. टाइमटेबल नसलेली नदी हवी म्हणून हा दर जुलैत केरळ गाठतो. कोझिकोडपासून तास-दीड तासावर कोडंचेरी नावाचं गाव आहे. वायनाडच्या डोंगरातून धावत येणारी चालीपुझा नदी इथेच लागते. 2013 साली सुरू झालेल्या मलबार रिव्हर फेस्टिव्हलला इथे देशोदेशीचे कयाकर येतात. तसा सह्याद्रीच आहे, फक्त वडापावच्या जागी केळ्याची भजी.

फेस्टिव्हलबद्दल पुन्हा कधीतरी. गर्दी, भोंगे, रंगीबेरंगी होड्या, सगळं मस्त. पण बदकाला गर्दीत रस नव्हता. त्याला वरच्या अंगाला जाऊन 'क्रीकिंग' करायचं होतं. क्रीक म्हटलं की आपल्याला ठाण्याची खाडी आठवते. इथे क्रीक म्हणजे डोंगरातला अरुंद ओढा. हा वाहत नाही, पायऱ्या-पायऱ्यांनी पडतो. त्याची होडीही वेगळी. आखूड, गुबगुबीत, जाड प्लॅस्टिकची, नाक वर वळलेलं. दगडावर आपटली तरी फुटू नये आणि बुडाली तरी पटकन वर यावी म्हणून.

आणि धबधब्यावरून उडी मारायची म्हणजे नुसतं डोळे मिटून 'जय भवानी' नाही हं! धबधब्याच्या पायथ्याशी पाणी खोल जातं आणि पृष्ठभागावरून उलटं धबधब्याकडेच येतं. त्यात होडी सापडली की वॉशिंग मशीनमधला मोजा. म्हणून ऐन कड्यावर वल्ह्याचा एक जोरदार फटका मारून नाक उचलायचं आणि त्या उलट्या पाण्याच्या पलीकडे सपाट उतरायचं. होडी आपटताना जो आवाज येतो, त्यावरूनच या स्ट्रोकचं नाव पडलंय, बूफ. पण हे बुटक्या धबधब्यांपुरतं. फार उंचावरून सपाट आपटलात तर धक्का थेट मणक्याला, म्हणून तिथे नाक खाली करून बाणासारखं शिरायचं.

टायलर ब्रॅटचा व्हिडिओ तुम्ही कदाचित पाहिला असेल. एप्रिल 2009मध्ये तो अमेरिकेतल्या पलूस फॉल्सवरून कयाकसकट खाली आला. उंची सुमारे 57 मीटर, म्हणजे अठराएक मजली बिल्डिंग. मनगट मुरगळलं, बाकी ठणठणीत. पुढची गोष्ट मला नेत्रावती एक्स्प्रेसमध्ये बदकानं सांगितली. 2011मध्ये ओरेगॉनच्या अबिक्वा फॉल्सवर त्याच ब्रॅटचा मणका मोडला. तो धबधबा पलूसच्या जेमतेम निम्म्या उंचीचा. पुढे तो बरा होऊन पुन्हा पाण्यात उतरला, पण मी खिडकीबाहेर बघत बसले. रत्नागिरी येईपर्यंत कुणी काही बोललं नाही.

तर आमचा धबधबा. दोन मजली असेल. शनिवारी बदक त्यावरून दोनदा उतरला, लोण्यासारखा. आणि मी, पत्रकारितेची पदवी घेतलेली बाई, दोन्ही वेळेला लेन्स पुसत होते. रविवारी फोटो काढायचाच, असं ठरवून झोपले. रात्रभर पत्र्यावर पाऊस वाजत होता.

सकाळी ओढ्याचा रंग बदलला होता, चहासारखा. बरोबर अजून दोघं कयाकर होते. तिघंही होड्या काठावर ठेवून दगडावर उभे राहिले. बघतायत, बघतायत. वीस मिनिटं, अर्धा तास. बदकानं एक जाडसर फांदी उचलून कड्यावरून सोडली. ती खाली गेली, वर आली, पुन्हा धबधब्याखाली खेचली गेली. असं चारदा. पाचव्यांदा वर आलीच नाही.

आणि मग मी ते वाक्य बोलले. "अरे, काल तर दोनदा गेलास की!"

बोलले ते काळजीपोटी नाही. मला फोटो हवा होता. डेडलाइन मंगळवारची होती.

बदकानं माझ्याकडे पाहिलं. चिडला नाही. "अगं, कालचं पाणी वेगळं होतं," एवढंच म्हणाला. हेल्मेट न काढताच वीसेक किलोची होडी खांद्यावर घेतली आणि पोफळीच्या बागेतून चालायला लागला. निसरडी वाट, पायांना जळवा, शिव्या फक्त जळवांना. याला पोर्टेज म्हणतात. त्याचे व्हिडिओ कुणी बनवत नाही. दुसराही त्याच्या मागे गेला.

तिसरा मात्र उतरणार होता. तो बदकापेक्षा कितीतरी अनुभवी, त्यानं डाव्या कडेची एक वाट हेरली होती. तो थांबला, खालच्या दोघांची तयारी होईपर्यंत. बदक पायथ्याच्या खडकावर दोरीची थ्रो बॅग घेऊन पाय रोवून उभा राहिला आणि वल्हं सरळ वर धरलं. म्हणजे, ये.

तो आला. नाक उचललेलं, अंग पुढे झुकलेलं, बूफ! एवढा देखणा प्रकार मी आयुष्यात पाहिला नाही, आणि या वेळी लेन्स कोरडी होती. खाली शांत पाण्यात पोचल्यावर त्यानं आरोळी ठोकली. बदकानंही ठोकली, त्याच्याहून मोठ्यानं. मग खाली बसून दोरी हातभर-हातभर पिशवीत भरू लागला.

परतीच्या गाडीत मी सॉरी म्हटलं. "कशाबद्दल?" असं विचारून त्यानं माझ्या डब्यातले केळ्याचे वेफर्स संपवले.

सोबतचा फोटो त्याच उडीचा आहे. अगदी उजव्या कोपऱ्यात खडकावर लाल हेल्मेट दिसतंय ना? तो बदक. आर्टवाल्यांना सांगून ठेवलंय, तेवढं कापू नका.