उचलून घेणारे हात

कोल्हापूरच्या तालमींतील बाहुबळाचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु दाराशीं चाकाच्या खुर्चीसाठीं उतार बांधावा अशी सूचना निघतांच हेंच बाहुबळ पुढें सरसावून "त्यांत काय, उचलून घेऊं कीं!" म्हणूं लागतें, तेव्हां मात्र आम्हांस त्याचा उबग येतो. उचलणारास तें औदार्य वाटतें. उचलल्या जाणारास मात्र आपण आज घराबाहेर पडावें कीं नाहीं हें गल्लींतील चार तरुणांच्या सवडीवरून ठरवावें लागतें. आणि पुढें, उगाच कोणास त्रास कशाला म्हणून, तो बाहेर पडण्याचें नांवच टाकतो.

दुसरा आक्षेप शोभेचा. उतारानें घराचा दर्शनी भाग विद्रूप होतो म्हणे! हें सांगणाऱ्या गृहस्थांनीं मोटारसायकल आंत घेण्यासाठीं पायऱ्यांवर सिमेंटची घसरगुंडी कधींच ओतलेली असते. तिनें शोभा बिघडत नाहीं. यंत्रास जो मान तो माणसास नाहीं, एवढाच याचा अर्थ. (त्या घसरगुंडीवरून खुर्ची नेण्याचा मोह मात्र कोणी धरूं नये, ती माणसासह मागें उलटेल.)

तिसऱ्या आक्षेपांत तथ्य आहे. 2005, 2019 व 2021 सालीं पुराचें पाणी ज्यांच्या माजघरांत शिरलें, त्यांनीं जोतीं उंच केलीं, यांत त्यांचा काय दोष? उताराचा सर्वमान्य नियम असा कीं, एक फूट उंचीस बारा फूट लांबी हवी. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हटल्या कीं अठरा फूट झाले, आणि पेठेंतल्या घरापुढें अठरा फूट कोठून आणावयाचे? तेथें भिंतीलगत वळण घेऊन, मध्यें सपाट टप्पा सोडून, प्रसंगीं शेजाऱ्याशीं बोलून मार्ग काढावा लागतो. पण उपनगरांत प्रशस्त जागेवर आज उठणाऱ्या बंगल्यांना ही सबब नाहीं.

नसीमा हुरजूक यांनीं 1984 सालीं याच शहरांत 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. त्यांचें 'चाकाची खुर्ची' हें आत्मकथन आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या कपाटांत असेल. तें वाचून आपले डोळे ओलावलेही असतील. पण तशा खुर्चीवरील पाहुणा उद्यां आपल्या त्या कपाटापर्यंत येऊं शकेल काय?

हा प्रश्न आम्ही दुसऱ्यास करीत आहों खरे, पण आमचेंही घर निर्दोष नव्हतें. मातोश्रींचें मांडीचें हाड मोडल्यावर दीड वर्ष त्या खिडकींतून रस्ता पाहत बसल्या, आणि आम्हीही "उचलून नेतों कीं" हेंच म्हणत राहिलों. शेवटीं गुलाबाचा ताटवा मोडून उतार झाला. पहिल्याच संध्याकाळीं बारा वर्षांच्या नातीनें एकटीनें खुर्ची ढकलीत त्यांना कोपऱ्यापर्यंत नेलें. परतल्यावर, कोठें गेलां होतां म्हणून आम्हीं विचारलें, तों त्या आमच्यावरच रागावल्या.