स्वर स्वस्त, अवधान महाग

एके काळी मध्यमवर्गीय घरात ध्वनिमुद्रिका ही काटकसरीने जमविलेली मालमत्ता असे. दीर्घवादन तबकडीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांत संपे. ती उलटण्यासाठी कोणाला तरी उठावे लागे. साहजिकच घर ऐकत बसे.

आज भीमसेन जोशी वा किशोरी आमोणकर यांचे गायन खिशातल्या फोनवर अहोरात्र, जवळजवळ फुकट उपलब्ध आहे. पण ते स्वयंपाक करताना, हिशेब लिहिताना नुसते वाजत राहते. माहितीची विपुलता अवधानाचे दारिद्र्य निर्माण करते, हा हर्बर्ट सायमन यांचा १९७१ मधील सिद्धान्त संगीतालाही लागू पडतो.

या दारिद्र्याचा शरीराशीही संबंध आहे. इटलीतील लुचियानो बर्नार्डी व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ जणांना निरनिराळे संगीत ऐकविले. द्रुत लयीबरोबर श्वास, नाडी व रक्तदाब वाढले. मध्येच ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत मात्र ते मूळ पातळीच्याही खाली उतरले. प्रयोग लहान होता. त्यावरून संगीत हे रक्तदाबाचे औषध ठरत नाही. डॉक्टरांची गोळी सोडून तानपुऱ्यावर विसंबणे अविचाराचेच होईल.

तथापि एक बोध स्पष्ट आहे. विसावा स्वरांइतकाच त्यांच्यानंतरच्या शांततेत असतो, आणि अखंड वाजणाऱ्या यंत्राने नेमकी तीच हिरावून घेतली आहे. रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास, एकच राग, हाती दुसरे काम नाही. आणि तो संपल्यावर दोन मिनिटे स्तब्धता. या खर्चाला पैसा लागत नाही. कदाचित म्हणूनच तो करण्यास कोणी धजत नसावे.