पायांवर घेतलेली उचल

हिवाळा आला की आमच्या पाथरीच्या परिसरात 'मॅरेथॉन'चे पेव फुटते. कोणाची जयंती, कोणाचा वाढदिवस. निमित्त काहीही चालते. गेल्या हिवाळ्यात अशाच एका स्पर्धेत आठ-नऊ वर्षांची मुले डांबरी रस्त्यावर पाच किलोमीटर धावताना मी पाहिली. पहिला आलेला मुलगा कडेला बसून ओकत होता आणि वडीलधारी मंडळी टाळ्या वाजवीत होती. माझा आक्षेप त्या टाळ्यांवर आहे.

मराठवाड्यात 'उचल' या शब्दाचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेते आणि हंगामभर ती देहाने फेडते. कोवळ्या मुलाला लांब पल्ल्याला जुंपणे ही त्याच जातीची उचल होय. फरक इतकाच की येथे उचल घेतात पालक, प्रशिक्षक आणि आयोजक; फेडावी लागते ती मुलाला.

2006 च्या मे महिन्यात ओडिशातील बुधिया सिंग हा अवघ्या चार वर्षांचा मुलगा पुरी ते भुवनेश्वर या मार्गावर 65 किलोमीटर धावला. देशभर त्याचा उदोउदो झाला. सरकारने त्याच्या अशा धावण्यावर बंदी घातली तेव्हा सरकारलाच दूषणे देण्यात आली. त्याच्या नावाने ऑलिंपिकचे स्वप्न रंगविले गेले. ऑलिंपिक त्याच्या वाट्याला कधी आले नाही.

आता शेजारच्या बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे पाहा. बारावीनंतर ते सैन्यात गेले आणि स्पर्धात्मक धावण्याकडे वळले ते विशीत. 2022 साली राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि 2023 साली आशियाई स्पर्धेत सुवर्ण, ही त्यांची स्टीपलचेसमधील कमाई. 'तेही लहानपणी शाळेला धावतच जात', असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण ते शाळा गाठणे होते, शर्यत नव्हती. शिवाय शाळा मैलोगणती दूर असणे हे काही आपले भूषण नव्हे.

हिशेबही पाहू. तीस किलो वजनाचे मूल दहा किलोमीटर धावले तर निदान तीनशे उष्मांक खर्ची पडतात. प्राथमिक शाळेतील माध्यान्ह भोजनाचे प्रमाण आहे 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने. म्हणजे खिचडीचा दोन-तृतीयांश भाग एका सरावात गेला. ज्या घरी रात्रीचे ताट भरलेले नसते, तेथे ही तूट कशातून भरून निघते? हाडामांसाच्या वाढीतूनच.

पालकांचे म्हणणे मी जाणतो. कोरडवाहू शेतीत भागत नाही. पोलीस वा सैन्य हाच दरवाजा उघडा दिसतो. परंतु ती भरती अठराव्या वर्षाच्या आसपास सुरू होते आणि तेथे पुरुषांना धावावे लागते ते 1600 मीटर. त्यासाठी आठव्या वर्षी मुलाचे गुडघे गहाण का टाकावेत?

मुलांनी धावूच नये, असे माझे म्हणणे नाही. खो-खो, लंगडी, आट्यापाट्या, लगोरी यांत मूल मनसोक्त धावते आणि दम लागला की थांबते. ही मुभा हेच त्याचे खरे प्रशिक्षण. बारा वर्षांपर्यंत धावणे मातीवर, खेळातून आणि बक्षिसाविना असावे. अंतर पुढे सावकाश वाढवावे. आणि 'पुरे' म्हणण्याचा अधिकार मुलाचा असावा.

यासाठी मैदान हवे आणि शिक्षक हवा. शिक्षणहक्क कायद्याने मैदान आवश्यक ठरविले. पण शारीरिक शिक्षणाचा निदेशक, तोही अंशकालीन, केवळ सहावी ते आठवीला आणि पट शंभरांवर असेल तरच! वाडी-तांड्यावरच्या शाळेचा पट शंभरांवर जाणार कधी?

तेव्हा यंदा वाढदिवसाच्या मॅरेथॉनची वर्गणी मागायला कोणी आले, तर त्यांना शाळेमागची खडकाळ जागा दाखवावी आणि फलकांच्या खर्चात ती सपाट करून मागावी. मुले आपली आपण धावतील.