जलचर कीटक : निरंक

सातबाऱ्यावर नाव नसेल तर बापजाद्यांनी कसलेली जमीनसुद्धा आपली ठरत नाही, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. मग ओढ्याच्या बाबतीत आपण एवढे गाफील कसे? ओढ्यात काय जगतं याची नोंद कुठंच नाही, आणि त्याच कोऱ्या कागदाच्या जोरावर खोलीकरण-रुंदीकरणाची इस्टिमेटं मंजूर होतात.

आज एका किड्याबद्दल लिहितोय. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

आजरा, चंदगड, आंबोली पट्ट्यात ज्यांनी खेकडी धरायला ओढ्यातले दगड उलटलेत, त्यांनी हा किडा नक्की पाहिलाय. वाहत्या, गार पाण्यात दगडाच्या खालच्या अंगाला चिकटलेला, चपटा, पिवळसर-तपकिरी, मागं दोन शेपट्या. दगड उचलला की सरसर दुसऱ्या बाजूला पळतो. इंग्रजीत याला स्टोनफ्लाय म्हणतात. मराठीत रुळलेलं नाव नाही, म्हणून मीही स्टोनफ्लायच म्हणतो. पाण्यात असते ती पिल्लावस्था. मोठा झाला की बाहेर येतो, कात टाकतो, चार पंख पाठीवर सपाट घडी घालून बसतो आणि थोडेच दिवस जगतो. उडण्यात एकदम कच्चा. म्हणजे हा ओढा नासला तर पलीकडच्या डोंगरातल्या ओढ्यात जाऊ, ही सोय त्याला फारशी नाही.

आता मुद्द्याचं. नदीत मासे मरून वर आले की आपण बातमी करतो. मी स्वतः अशा किती केल्या त्याची गणती नाही. पुढचं सगळं पाठ झालंय : दोन दिवसांनी साहेब येतात, बाटलीत पाणी भरतात, "अहवाल आल्यावर कारवाई करू" म्हणतात. तोवर सोडलेलं पाणी बंधारे ओलांडून खाली गेलेलं असतं. बाटली सांगते ती त्या क्षणाची गोष्ट. स्टोनफ्लायचं पिल्लू मात्र त्याच ओढ्यात महिनोन् महिने काढतं, आणि त्याला भरपूर ऑक्सिजनचं स्वच्छ पाणी लागतं. मध्ये कुणी घाण सोडली, पाणी अडवून कुबट केलं, गाळानं दगडांमधल्या फटी बुजवल्या, तर ते मरतं. महिन्याभरानं गेलात तरी दगडाखाली त्याची जागा रिकामी दिसते. ही साक्ष टँकरनं धुऊन काढता येत नाही.

हे माझं ज्ञान नव्हे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचेच जैविक निकष आहेत. पाण्यातल्या कीटक-गोगलगायींच्या कुळांना त्यात गुण दिलेत. गटारात वळवळणाऱ्या गांडूळवर्गी किड्यांना १, रक्तासारख्या लाल अळ्यांच्या कुळाला २, आणि आपल्या सह्याद्रीत मुख्यतः सापडणारं स्टोनफ्लायचं जे पर्लिडी कुळ, त्याला १० पैकी १०. निकष आहेत, कोष्टकं आहेत. फक्त आपल्या ओढ्यात उतरून दगड उलटायला कुणी येत नाही.

का येत नाही? कारण कागदावर ते काम झालेलं आहे!

२००२ चा जैवविविधता कायदा आहे. त्यानुसार प्रत्येक गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि त्या समितीनं लोकांना विचारून लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची. कायदा चांगला आहे, मनापासून सांगतो. पण वर्षानुवर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही. मग हरित लवादानं हिसका दाखवला : ३१ जानेवारी २०२० पर्यंत पूर्ण करा, नाहीतर राज्याला महिन्याला १० लाख रुपये भरावे लागतील. झालं. काही हजारांवर रखडलेल्या देशातल्या नोंदवह्या बघता बघता लाखांच्या घरात गेल्या. सगळ्या खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही. काही गावांनी जीव ओतून काम केलंय, त्यांना सलाम. पण अशी एक वही मी डोळ्यांनी पाहिलीय. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या समितीच्या सदस्यांनाच आपण सदस्य असल्याचं माहीत नव्हतं. त्यात मासे म्हणून रोहू आणि कटला. अहो, हे तलावात बीज आणून सोडायचे मासे, डोंगरातल्या ओढ्याचे कधीपासून झाले? खेकडे : निरंक. त्याच गावची पोरं पावसाळ्यात रस्त्याकडेला खेकड्यांच्या माळा विकायला उभी असतात! आणि खाली, जलचर कीटक : निरंक.

निरंक. सरकारी भाषेतला सगळ्यात सोयीचा शब्द. उद्या पोकलेन उतरवायचा झाला की ठेकेदाराचा माणूस हेच पान पुढं करणार : बघा, तुमच्याच ग्रामपंचायतीनं लिहून दिलंय, इथं काही नाही. तळाचे गोटे काढून कडेला रचणार, दोन्ही बाजूंनी भिंत घालणार, बिल काढणार. ओढ्याचं गटार होणार आणि कागदावर नुकसान शून्य. जे नव्हतंच ते गेलं कसं म्हणायचं?

नोंदीनं काय फरक पडतो, ते बघायला लांब जायला नको. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या कुंडात एक छोटा मासा पिढ्यान् पिढ्या होता. २०२० मध्ये संशोधकांनी तो नवी प्रजाती म्हणून जाहीर केला, शिस्तुरा हिरण्यकेशी असं नाव दिलं, आणि २०२१ मध्ये राज्य सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ केली. संशोधकांत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचे चिरंजीव तेजस ठाकरे होते, म्हणून फाइल पळाली असं कुणी म्हणेल. म्हणू दे. नाव आणि ठिकाण कागदावर नसतं तर पळायला फाइलच नसती.

दुसरं उदाहरण लांबचं आहे, पण नेमकं याच किड्याचं. अमेरिकेतलं इलिनॉय राज्य, आपल्या उसासारखा तिकडं मका. तिथं थिओडोर फ्रायसन नावाचा माणूस ओढ्या-नद्यांतून हिंडला, कुठं कुठली स्टोनफ्लाय मिळते ते बाटल्यांवर ठिकाण-तारखेच्या चिठ्ठ्या लावून साठवलं आणि १९३५ मध्ये ग्रंथ काढला. दरम्यान शेतीसाठी दलदली निचरून काढल्या, ओढे सरळ केले, नद्या घाण झाल्या. २००५ साली पुढच्या संशोधकांनी हे जुने नमुने आणि नवी पाहणी समोरासमोर ठेवली, तेव्हा कळलं की राज्यातल्या ७७ प्रजातींपैकी २२ संपल्यात. जवळजवळ तीस टक्के. हा आकडा काढता आला तो त्या जुन्या चिठ्ठ्यांमुळं. आपल्याकडं किती संपल्या? कुणाला विचारणार?

"दवाखान्यात डॉक्टर नाही, एसटी वेळेवर नाही, आणि तू किडे मोजायला सांगतोस" ही कॉमेंट येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. डॉक्टरसाठीही लिहितो, लिहीत राहीन. पण याच ओढ्याच्या काठावर तुमच्या नळपाणी योजनेची विहीर आहे. ज्या पाण्यात हा किडा टिकत नाही, ते पाणी तुमच्या पोरांच्या पोटात जातं. आणि याला कोटींचं टेंडर लागत नाही. पांढरा ट्रे, चहाची गाळणी, भिंग, मोबाइल.

पावसाळा संपून पाणी नितळलंय, हाच हंगाम आहे. आपल्या भागातल्या कॉलेजांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत, पोरांना प्रोजेक्ट हवेच असतात. दगड उचला, ट्रेमध्ये पिल्लू घ्या. मेफ्लाय नावाचा याचा भाऊबंद आहे, त्याच्याशी गल्लत करू नका. त्याला बहुधा तीन शेपट्या, कल्ले पोटाच्या कडेला आणि पायाला एकच नखी. आपल्या स्टोनफ्लायला शेपट्या दोन, पायाला दोन नख्या आणि झुपकेदार कल्ले छातीखाली, पायांच्या बेचक्यात. फोटो काढा, जीपीएसचं ठिकाण, तारीख, ओढ्याचं गावातलं नाव लिहा, पिल्लू सोडून द्या, दगड होता तसा ठेवा. आणि एक विनंती, अ‍ॅपनं दाखवलेलं प्रजातीचं नाव वहीत डकवू नका. पिल्लावरून साधारणपणे कूळ, फार तर वंश कळतो. प्रजात ठरवायला बहुतेक वेळा मोठा नर लागतो, त्याचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. ते काम पुण्याला आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, त्यांच्यासारख्या जाणकारांचं. जंगल हद्दीत नमुने घ्यायचे तर वनखात्याची परवानगी घेऊन. "पर्लिडी, अमुक ओढा, अमुक तारीख" एवढी खरी नोंद खोट्या लॅटिन नावापेक्षा लाखपट बरी. खोटी नोंद पहिल्याच सुनावणीत फाडली जाईल आणि खऱ्याही सोबत जातील.

आणि ही नोंद व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवून थांबू नका. समितीला लेखी द्या, नोंदवहीत चढवायला लावा, पोच घ्या. ओढ्याच्या कामाचा ठराव आला तर आधी हे पान वाचायला सांगा. काम नकोच असं माझं म्हणणं नाही. पुराला अडणारी झुडपं काढा, कचरा काढा. पण तळाच्या दगडांना हात लावण्याआधी तिथं काय आहे ते कागदावर येऊ दे, आणि काम झाल्यावर वर्षानं परत तेच दगड उलटून बघायची अट टेंडरमध्ये घाला. बिल त्यानंतर.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेला अजून वेळ आहे. त्याआधी ग्रामपंचायतीत अर्ज देऊन आपल्या गावच्या नोंदवहीची प्रत मागा. देत नसतील तर नकार लेखी घ्या. मिळाली तर पाण्यातल्या जीवांचं पान काढून त्याचा फोटो मला इनबॉक्सला पाठवा. गावाच्या नावासकट इथंच टाकतो.