जुना खेळ, नवे रंग

मुलांचे गेम म्हणजे नुसती मारधाड, ही तक्रार आपण सगळेच करतो. अशा वेळी ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ त्यांच्यासमोर ठेवून पाहा. खेळ 1990 चा, रॉन गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी रचलेला. कॅरिबियन बेटांवरच्या गायब्रशला चाचा व्हायचंय. (आपल्या घरातला चाचा नव्हे, समुद्री लुटारू!) चित्रावर क्लिक करायचं, वस्तू गोळा करायच्या, कोडी सोडवायची. तलवारबाजीही आहे, पण ती जिंकायची टोमण्याला चोख उत्तर देऊन. चुकलं तरी नायक सहसा मरत नाही, त्यामुळे घाई नाही.

2009 च्या आवृत्तीत चित्रं नव्याने रंगवली, पात्रांना आवाज मिळाले. संगणकावर एक कळ दाबली की त्याच जागी जुनं ठिपक्याठिपक्यांचं चित्र येतं. मुलं हसतात, आम्हांला तेच गोड वाटतं. कोडं अडलं तर आता खेळच इशारा देतो. ही सोय मात्र आम्हांला खटकते. पूर्वी एका कोड्यापायी दोन-दोन दिवस जेवतानाही तोच विषय असायचा. म्हणून आमच्याकडे ठरलंय: इशारा हवा तर घरातल्या सगळ्यांची परवानगी घ्यायची. धाकटीला अजून अम्मीचं मन वळवता आलेलं नाही.