रोमा बुवांनी सांभाळलेल्या चाली

काय दोस्तांनो, तारांचं वाद्य काठीनं बडवलेलं कधी पाहिलंय? हंगेरीतल्या ‘मुझिकाश’ या लोकसंगीताच्या पथकाकडे ते आहे. नाव गार्दोन. दिसायला मोठ्या व्हायोलिनसारखं, पण काम ठेका धरायचं! (हे वर्गात सांगितलं, तर आमची चौथीची मंडळी पट्ट्यांनी बाकंच बडवू लागली.)

१९७३ साली बुडापेस्टच्या तरुणांनी हे पथक काढलं. खेडोपाडी जाऊन, म्हाताऱ्या वादकांशेजारी बसून ते चाली शिकले. पुढे जगभर कार्यक्रम झाले. त्यांच्याबरोबर गाणाऱ्या मार्ता शेबेश्त्येन यांचा आवाज १९९६ च्या ‘द इंग्लिश पेशंट’ या चित्रपटातही आहे.

पण मला मोलाचा वाटतो तो त्यांचा १९९३ चा ‘मारामारोश’ हा संग्रह. नावाला हसू नका हं, तो एक प्रांत आहे. तिथे पुष्कळ ज्यू कुटुंबं राहत. त्यांच्या लग्नांत वाजवायला रोमा, म्हणजे जिप्सी, वादक जात. १९४४ मध्ये नाझींनी आणि त्यांना सामील झालेल्या हंगेरीच्या अंमलदारांनी त्या कुटुंबांना आगगाड्यांत कोंबून मृत्युछावण्यांत पाठवलं. बहुतेक जण परत आलेच नाहीत.

मग त्यांच्या लग्नातल्या चाली कुणाला ठाऊक असणार? त्या रोमा वादकांना! गेओर्गे कोवाची हे त्यांतले एक म्हातारे बुवा. तरुणपणी वाजवलेल्या चाली जवळजवळ पन्नास वर्षांनी त्यांनी व्हायोलिनवर पुन्हा वाजवल्या आणि मुझिकाशची मंडळी त्यांना साथ करायला बसली.