जाईचा वेल आणि पांढरी माशी

जाईच्या वेलाला हात लावताच पिठाची चिमूट उधळावी तसे काही तरी उडते आणि क्षणात पुन्हा पानांआड नाहीसे होते. काही दिवसांनी पाने चिकट लागतात, त्या चिकटपणावर काजळीसारखी काळी बुरशी चढते, पाने पिवळी पडून गळू लागतात आणि कळ्या रोडावतात. अशा वेळी घरात बहुधा एकच वाक्य उच्चारले जाते : ‘माळ्याला सांगून औषध मारून घ्या.’ या वाक्यातील प्रत्येक शब्द जैन गृहस्थाने पारखून घ्यावा असा आहे.

ज्याला औषध म्हटले जाते ते विष असते. ‘मारून’ या शब्दाने तर खरे ते सांगूनच टाकले आहे. राहिला माळी. त्याच्या हातून काम झाले म्हणजे आपल्या खात्यावर काही चढत नाही, असा एक सोयीचा समज रूढ आहे. पण शास्त्राने कृत, कारित आणि अनुमोदित असे तिन्ही प्रकार मोजले आहेत. मुनिमाने केलेला सौदा पेढीवर बांधील असतो, हे व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगायला नको.

पांढरी माशी ही वास्तविक माशी नव्हे. मावा, तुडतुडे आणि पिठ्या ढेकूण यांच्या कुळातील ती रसशोषक कीड आहे. लांबी एक ते दोन मिलिमीटर, पंखांवर मेणासारखी पांढरी भुकटी. मादी पानाच्या खालच्या बाजूस अंडी घालते. उष्ण हवेत सुमारे आठवड्याभरात पिल्लू बाहेर पडते, थोडे अंतर चालते, एका जागी सोंड रोवते आणि पंख फुटेपर्यंत तेथून हलत नाही. अंड्यापासून प्रौढ माशीपर्यंतचा प्रवास साधारण तीन ते चार आठवड्यांत पुरा होतो. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात कृमी, मुंगी, भ्रमर, मनुष्य असा एकेका इंद्रियाने चढत जाणारा क्रम दिला आहे. त्यात उडणारी माशी भ्रमराच्या पंक्तीला, म्हणजे चतुरिंद्रिय जीवांत बसते. ज्या वेलासाठी तिला मारायचे, तो वेल एकेंद्रिय.

गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद केले जातात आणि श्रावकाकडून प्रथम संकल्पी हिंसेच्या त्यागाची अपेक्षा असते. 2015 साली पंजाबातील कापसावर पांढऱ्या माशीचा मोठा उद्रेक झाला आणि शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान झाले. त्या शेतकऱ्याने फवारणी केली तर त्यामागे उपजीविकेचा प्रश्न उभा असतो. सज्जावरील शोभेच्या वेलाला तसा आधार कोठून आणायचा? फूल आवडते, एवढेच कारण उरते.

यावर ‘मग कडुलिंबाचे तेल फवारावे, ते नैसर्गिक आहे’ असे उत्तर तत्परतेने मिळते. नैसर्गिक आणि अहिंसक हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरण्याची सवय आता फार बोकाळली आहे. कडुलिंबातील द्रव्य पिल्लाची भूक मारते व त्याला कात टाकू देत नाही. त्यात ते मरते. साबणाच्या पाण्याने कोवळ्या शरीरावरील मेणाचे आवरण जाते व जीव सुकतो. पिवळ्या चिकट पट्ट्यांवर पांढरी माशी तर अडकतेच, पण त्यांना चिकटून एखादे फुलपाखरू किंवा पालीचे पिल्लूही तडफडत राहते. इमिडाक्लोप्रिडसारखी मुळांवाटे भिनणारी विषे तर फुलातील मधापर्यंत पोचतात. मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळेच युरोपीय संघाने 2018 मध्ये त्याचा उघड्यावरील वापर थांबवला. विषाने पांढऱ्या माशीचे भक्षक आधी संपतात आणि मग माशी पूर्वीपेक्षा जोमाने परतते, हा अनुभव शेतीत वारंवार आलेला आहे.

मग खरा प्रश्न कोणते द्रव्य फवारावे हा राहत नाही. तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद आणला आहे, आणि या प्रकरणात प्रमादाची तारीखसुद्धा सांगता येते. वेलावर दहा माद्या आहेत असे धरावे. प्रत्येकीने शंभर अंडी घातली तर हजार जीव. त्यांतील निम्म्या माद्या धरल्या तर पुढच्या पिढीत पन्नास हजार. निसर्गात यांतील पुष्कळ आपोआप नष्ट होतात, त्यामुळे हा आकडा कागदावरचा. परंतु चक्रवाढीची जात तीच. पहिल्या आठवड्यात पाच-सात पाने खुडून जे भागले असते, त्याचा दोन महिन्यांनी संहार होतो. तो फवाऱ्याच्या दिवशी घडला असे वाटते, पण त्याचे मूळ न उलटलेल्या त्या पहिल्या पानाखाली असते.

म्हणून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, वेलाची दहा-वीस पाने उलटून पाहावीत. अंडी दिसलेली पाने खुडल्यास त्यांवरील जीव वाचत नाहीत, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. येथे निर्दोष मार्ग नाही, फक्त अल्प दोषाचा आहे. त्याहून बरे म्हणजे किडीला आमंत्रणच न देणे. युरियासारख्या नत्रयुक्त खताने पाने लुसलुशीत होतात व रसशोषक किडींचे फावते. ते खत थांबवावे. जाईला ऊन व मोकळी हवा लागते. बंद, सावलीच्या कोपऱ्यात ती लावूच नये. पानांवर धूळ साचू देऊ नये. सकाळी पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने ती धुवावी, मात्र आधी वेल हलवून बसलेल्या माश्यांना उडू द्यावे. नर्सरीतून आणलेले नवे रोप तीन आठवडे वेगळे ठेवावे व पाने तपासूनच वेलाजवळ न्यावे. मुंग्यांची रांग वेलावर चढताना दिसली तर पानांकडे लक्ष द्यावे, कारण चिकट गोड स्रावासाठी मुंग्या या किडींची राखण करतात व त्यांच्या शत्रूंना हुसकावतात. कुंडी पाणी भरलेल्या परातीत विटांवर ठेवली की ती वाट बंद होते. मात्र परातीतील पाणी रोज बदलावे, नाही तर डासांची उत्पत्ती आपणच करून ठेवू. कोळ्याचे जाळे व ढालकिडे आपल्या जागी राहू द्यावेत. ते काय खातात हा त्यांचा धर्म, त्यात गृहस्थाचा संकल्प नसतो.

या स्तंभात कोणत्याही फवाऱ्याचे प्रमाण दिलेले नाही, ते जाणूनबुजून. अनर्थदंडाच्या प्रकारांत पापोपदेश आणि हिंसादान ही दोन्ही नावे आहेत, आणि हिंसादानात विष देणेही येते. शेजारच्या वहिनींना उरलेली बाटली आपुलकीने देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. काही घरांतून जाईची फुले देरासरात पुष्पपूजेसाठी जातात. फुलात सुई टोचू नये म्हणून जेथे इतकी जयणा पाळली जाते, तेथे त्याच फुलावर आदल्या आठवड्यात विष पडलेले असणे कितपत शोभते?

छाटणीबाबत थोडेसे. जाईचा मुख्य बहर पावसाळ्यात येतो, म्हणून तिची छाटणी डिसेंबरअखेर ते जानेवारीत करतात. त्याच वेळी दाट, आतल्या अंगाच्या फांद्या काढल्या आणि जुनी पाने उतरवली, तर पुढे उष्ण, कोरडा काळ येतो तेव्हा अंडी घालण्यास आडोसा उरत नाही. छाटण्यापूर्वी प्रत्येक फांदी दोन-तीन वेळा हलवावी व थोडा वेळ थांबावे. छाटलेला पाला जाळू नये, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. अन्य झाडांपासून दूर, सावलीत पसरून ठेवावा, म्हणजे ज्यांना पंख फुटले आहेत त्यांना निघून जाता येते.